वाचकांचे प्रश्न: बर्फाचा उतार कधी सुटतो?

या वेळच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला. कोणाची मुलं नाताळच्या सुट्टीत उत्तराखंडात ट्रेकला निघाली आहेत, कोणाचा मुलगा फौजेत आहे, कोणी पहाडातल्या रस्त्याच्या कामावर चाललं आहे. सगळ्यांना हिमस्खलनाबद्दल विचारायचं आहे, ज्याला तिकडे सरसकट ‘एवलांच’ म्हणतात. म्हणून या महिन्याचं सदर त्याच एका विषयाला दिलं आहे. उत्तरं हिमपर्वतात प्रशिक्षण आणि बचावाचं काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत.

आमच्या गावातले बारा जण डिसेंबरअखेर केदारकांठ्याला चालले आहेत. पालक विचारतात, बर्फ अचानक अंगावर येतो का? ट्रेक नेणाऱ्यांना नेमकं काय विचारावं?
*एक शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा*

बर्फ वरून अंगावर पडतो, ही समजूत आधी बाजूला ठेवा. हौसेने पहाडात गेलेल्यांचा जीव घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी दहातली सुमारे नऊ सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने सुटलेली असतात. म्हणजे जिथे पाय ठेवायचा तिथला उतार ओळखता आला, तर बराचसा धोका आपल्या हातात येतो.

पहिली गोष्ट उताराचा कोन. बर्फाची अख्खी पाटी, म्हणजे एकसंध घट्ट थर, सुटून येते ती बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून. २५ अंशांच्या खाली ती क्वचित सुटते. ५५-६० च्या वर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. हा अंदाज डोळ्याला गावातच शिकवता येतो. शेततळ्याची आतली बाजू १:१ ने, म्हणजे जेवढी उभी तेवढीच आडवी, खोदली असेल तर ती ४५ अंश, १:१.५ ने असेल तर साधारण ३४ अंश. तलावाची पाळ १:२ असेल तर सुमारे २७ अंश. मुलांना तिथे न्या, उतारावर सरळ काठी ठेवा, काठीवर मोबाइल ठेवून कोन मोजायला लावा आणि आधी प्रत्येकाकडून अंदाज वदवून घ्या. पहिल्या दिवशी सगळ्यांचा अंदाज पाच-सात अंशांनी चुकतो. ३० आणि ३५ अंशांतला फरक डोळ्याला लहान वाटतो, पण जीव त्याच फरकावर असतो.

दुसरी गोष्ट बर्फाच्या आतला थर. हिमालयात डिसेंबरात बर्फ पातळ असतो आणि रात्री कडक, निरभ्र. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, पण पृष्ठभाग उणे वीसपर्यंत उतरू शकतो. थर ५० सेंटिमीटरचा असेल तर दर १० सेंटिमीटरला ४ अंशांचा फरक पडला. एवढ्या जाडीत १ अंशाहून जास्त फरक टिकला, की आतली वाफ वर सरकते आणि तळच्या बर्फाचे एकमेकांना न धरणारे, टोकदार, चमकणारे दाणे बनतात. जवसाच्या ढिगावर पाय दिला की काय होतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्या जवसावर जानेवारीत नवा बर्फ पडतो, वारा त्याला दाबून घट्ट पाटी करतो, आणि पाटी खालच्या दाण्यांवर नुसती टेकून राहते. म्हणूनच ‘यंदा बर्फ कमी आहे, मग भीती कशाची’ हे म्हणणं चुकीचं. पातळ बर्फाचा हिवाळा पुष्कळदा जास्त दगा देतो.

पाटी सुटली तर किती ओझं येतं? ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर जाड तुकडा धरा. घनमीटरला २०० किलो म्हटलं तरी २५० टन होतात. दहा टनी पंचवीस ट्रक एकदम उतारावरून सुटले असं समजा.

धोक्याच्या खुणा उघड असतात. शेजारच्या उतारावर नुकतंच हिमस्खलन झालेलं दिसणं. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येऊन बर्फ किंचित खचणं. पावलापासून पुढे सरसर तडा जाणं. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त नवा बर्फ. जोराचा वारा. कडक थंडीनंतर एकाएकी ऊन किंवा पाऊस. यातला वारा लोकांच्या लक्षातून सुटतो. आभाळातून कणही पडला नाही तरी वारा डोंगरधारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून आडोशाच्या अंगाला रातोरात मीटरभर साठवू शकतो. धप्प आवाज आणि तडा यांच्याबाबत आमचं मत ठाम आहे. त्या दिवशी ३० अंशांच्या वरचा उतार चढायचा नाही आणि तशा उताराच्या पायथ्यानेही जायचं नाही, कारण पाटी वर असते आणि खाली सपाटीवर उभ्या माणसाच्या वजनानेही सुटू शकते.

केदारकांठा सुमारे ३,८०० मीटर उंच आहे. नेहमीची वाट बरीचशी जंगलातून जाते, शिखराखालचा शेवटचा चढ मात्र उघडा आणि उभा आहे. ट्रेक नेणाऱ्यांना विचारा, की ३० अंशांच्या वरचा उतार कोणत्या दिवशी आणि किती वाजता ओलांडणार, आदल्या दिवशी बर्फ पडला तर दुसरी वाट कोणती, शिखर न करता परतायचा निर्णय कोण घेणार, हिमस्खलनाचं पत्रक रोज कोण वाचतं, आणि शोधयंत्र (गाडलेल्याचा ठाव लावणारं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र), बर्फात टोचायची लांब सळई, फावडं ही तीन साधनं किती जणांकडे आहेत. ‘इथे असलं काही होत नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर मुलांना त्यांच्यासोबत पाठवू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे गारपीट होते, तेव्हाच काश्मीरात बर्फ पडल्याची बातमी असते. याचा संबंध आहे का? गार आणि तो बर्फ एकच का?
*संत्रा उत्पादक, ता. मोर्शी, जि. अमरावती*

संबंध आहे. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयाला बर्फ देतात. त्यांचा खालचा पदर मध्य भारतावरून गेला, वरच्या हवेत गारवा आला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून दमट वारे विदर्भात शिरले, की उंच गडगडाटी ढग उभे राहतात आणि संत्र्याच्या मृग बहाराची फळं व आंबिया बहाराचा फुलोरा दोन्ही गारांखाली सापडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट तुमच्या भागात कोणी विसरलेलं नसेल.

गार आणि हिम मात्र वेगळे. गार ढगातल्या जोरदार वर जाणाऱ्या वाऱ्यात घडते. शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी तिच्यावर थरावर थर गोठत जातं, म्हणून ती टणक आणि जड. हिम वाफेतून थेट स्फटिक होऊन बनतं, सहा कोनांचं आणि हलकं. ताज्या हिमाचा घनमीटर ५० ते १०० किलो भरतो. तोच बर्फ उतारावरून घरंगळून थांबला की ४००-५०० किलोचा होतो आणि क्षणात घट्ट बसतो. जिनिंगमध्ये मोकळा कापूस आणि १७० किलोची दाबलेली गाठ यांना हात लावून पाहा, म्हणजे हिमस्खलनाखालून स्वतः उकरून निघणं का शक्य नसतं ते कळेल.

आणखी एक. गारपीट थांबून ऊन पडलं की कास्तकार वावरात नुकसान पाहायला निघतो, त्यात धोका नाही. पहाडात मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला निरभ्र दिवस फसवा असतो. आभाळ निळं, सगळे बाहेर पडलेले, आणि नवा बर्फ अजून बसायचा असतो.

माहा पोरगा फौजेत हाय, ड्यूटी बर्फात लागली. दोन दिवस फोन नाही आला तं जीव थाऱ्यावर रायत नाही. तो सांगते का वार्निंग आली म्हणजे त्याहिले बाहेर निघू देत नाही. त्या वार्निंगमधी आकडा रायते म्हनते, तो कसा वाचाचा?
*एक आई, ता. मेहकर, जि. बुलडाणा*

काकू, बाहेर निघू देत नाहीत, ही खरं तर धीराची गोष्ट आहे. इशारा वाचून हालचाल थांबवली जाते, म्हणजे यंत्रणा काम करते आहे.

हा इशारा चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था देते. १९६९ मध्ये मनालीला ‘सासे’ नावाची हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली होती, ती २०२० मध्ये हिच्यात विलीन झाली. धोक्याच्या पातळ्या पाच. १ म्हणजे कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ मोठा, ५ अति मोठा. रंग हिरव्यापासून पिवळा, नारिंगी, लाल असे चढत जातात. पत्रकात जिल्हा आणि उंचीही दिलेली असते, उदाहरणार्थ ‘२,४०० मीटरच्या वर’. आकडा ती उंची आणि तो काळ यांच्यासकट वाचायचा.

या आकड्यांत एक गोम आहे. ३ हा पाचांच्या मधला, म्हणून लोक त्याला मधला धोका समजतात. पण प्रत्येक पायरीला धोका एकाने नाही, पटीने वाढतो. ३ ला एका माणसाच्या वजनानेही काही उतार सुटू शकतात. युरोपात हिमस्खलनातले जवळपास निम्मे मृत्यू ३ पातळीच्या दिवसांत होतात, कारण ४-५ ला माणूस घरात बसतो आणि ३ ला निघतो.

सियाचीनच्या सोनम चौकीवर ३ फेब्रुवारी २०१६ रोजी दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. अशा बातम्या मनात राहतात हे आम्ही समजू शकतो. मुलगा फोनवर आला की त्याला एवढंच विचारा: शोधयंत्र अंगावर, आतल्या कपड्यांवर बांधतोस का, आणि सकाळी ते चालू आहे का हे दुसऱ्याकडून तपासून घेतोस का? पिशवीत ठेवलेलं यंत्र पिशवीसोबत वाहून जातं. घरून झालेली अशी आठवण पोरं पाळतात.

मी पोकलेन चालवतो. ठेकेदारामार्फत उत्तराखंडात रस्त्याच्या कामावर जायचं आहे. राहायला कंटेनर देणार म्हणतात. काय पाहून घ्यावं?
*ता. वरोरा, जि. चंद्रपूर*

पगाराआधी राहण्याची जागा पाहा. २८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी बद्रीनाथजवळ माणा इथे रस्तेबांधणी कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ५४ जण सापडले, ४६ वाचले, ८ गेले. आदल्या संध्याकाळी २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी इशारा निघालेला होता आणि माणा ३,२०० मीटरवर आहे. पुष्कळ जण वाचले ते लोखंडी कंटेनरमुळे, कारण पत्रा आत हवेची जागा धरून ठेवतो. तंबूपेक्षा कंटेनर बरा, पण तो दरीत लोटला जाऊ शकतो, म्हणून जागेचा प्रश्न उरतोच.

छावणीच्या वर पाहा. जंगलात वरून खालपर्यंत झाडं नसलेला पट्टा दिसतो का? पट्ट्यात फक्त लवचिक झुडपं आहेत का? कडेच्या झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या झडलेल्या आहेत का? खोडं खालच्या दिशेने मोडून पडली आहेत का? नाल्याच्या तोंडाशी उन्हाळ्यातही मातकट बर्फाचा ढीग राहतो का? यातलं काहीही असेल तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना नाला नावाने माहीत असतो. मग छावणीत उभं राहून मोबाइलची कड वरच्या बर्फ साठणाऱ्या जागेकडे रोखून कोन मोजा. २५ अंशांहून जास्त भरला तर तुम्ही सरळ माऱ्यात आहात. १८ च्या खाली असेल तर बहुतेक हिमस्खलनं तिथवर पोहोचत नाहीत. मधला कोन आणि झाडांवर खुणा, असं दोन्ही असेल तर धारेच्या आडोशाची दुसरी जागा मागा. झोपेत माणूस काहीच करू शकत नाही, म्हणून रात्रीची जागा दिवसाच्या जागेहून जास्त सुरक्षित हवी.

कामावर मशीन नाल्याच्या तोंडाखाली उभी करून जेवायला बसू नका. साफसफाई चालू असताना वर नजर ठेवणारा एक माणूस आणि त्याची शिट्टी ठरलेली असावी, पळायची बाजूही ठरलेली असावी. साठलेला ढीग उपसताना पायथा कोरत जाऊ नका, वरचा भाग सुटतो. केबिनसकट गाडले गेलात तर पहिलं काम इंजिन बंद करणं, नाहीतर धुराचा वायू केबिनमध्ये भरतो. शोधयंत्र ठेकेदाराकडून मागून घ्या. ते मागायला लाजू नका.

मी एनसीसीची कॅडेट आहे, पर्वतारोहणाच्या बेसिक कोर्सला जायची इच्छा आहे. कोणी गाडलं गेलं तर सोबत्यांनी काय करायचं? साधनं विकत घ्यावीत का?
*विद्यार्थिनी, ता. वणी, जि. यवतमाळ*

साधनं आत्ता घेऊ नका. कोर्समध्ये हाताळा, मग ठरवा. क्रम मात्र आत्ताच पाठ करा, कारण घड्याळ फार निर्दय आहे. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलेल्या दहा जणांपैकी सुमारे नऊ जगतात. ३५ मिनिटांपर्यंत तीनच उरतात. हेलिकॉप्टर या वेळेत येत नाही. वाचवतात ते सोबतीच.

स्वतः सापडलात तर ओरडा, काठ्या सोडा, कडेला निघायची धडपड करा, झाड हाती आलं तर धरा. वेग मंदावतोय असं वाटताच हात तोंडापुढे आणून हवेची पोकळी करा. थांबल्यावर बर्फ आवळतो, मग हात हलत नाही.

वर राहिलेल्यांनी तो शेवटचा जिथे दिसला ती जागा नजरेत पक्की करायची. दुसरं हिमस्खलन येऊ शकतं का ते पाहायचं. मग सगळ्यांनी, ज्यांना शोधायचं नाही त्यांनीही, आपली यंत्रं प्रक्षेपणावरून काढायची, नाहीतर तुमचाच संदेश पकडून शोधणारा भरकटतो. सगळी यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी अडत नाही. मोबाइल शोधणाऱ्या यंत्रापासून किमान ५० सेंटिमीटर दूर, शक्यतो बंद. एकटे असाल तर नागमोडी चाला, दोन वळणांत ४० मीटरहून जास्त अंतर नको. संदेश मिळाला की यंत्रावरच्या बाणामागे जा. बाण सरळ नेत नाही, वळसा घालून नेतो, त्यात घाबरू नका. यंत्रावरचा मीटरचा आकडा १० च्या आत आला की चाल हळू करा. ३ च्या आत यंत्र बर्फाला टेकवून, न फिरवता, अधिक चिन्हासारखं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकवा. सर्वांत लहान आकड्याशी सळई लावा.

सळई बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात जाते, आभाळाकडे सरळ नाही. नवखे इथे हमखास चुकतात. मधून सुरू करून गोल फिरत दर २५ सेंटिमीटरला टोचा. माणसाला लागली की मऊ, किंचित उसळणारा धक्का हाताला कळतो. ती सळई काढायची नाही. खोली तिच्यावरच्या खुणांवरून वाचा आणि उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावरून आडवं खणत आत शिरा. थेट वरून खणलं तर खड्डा अरुंद होतो आणि खणणारे त्याच्या हवेच्या पोकळीवरच उभे राहतात. मीटरभर खाली गाडलेल्यासाठीही टनभर बर्फ उपसावा लागतो, म्हणून एक जण पुढे कापतो, मागचे उपसून टाकतात आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी पुढचा बदलतात. फावडं धातूचंच हवं, प्लास्टिकचं या घट्ट बसलेल्या बर्फावर तुटतं.

तोंड आधी मोकळं करा, मग छाती. श्वास नसेल तर आधी पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, कारण बहुतेक जण गुदमरलेले असतात. तासाभराहून जास्त गाडलेला, गार पडलेला पण श्वसनमार्ग मोकळा असलेला माणूस मेला असं समजून सोडायचं नाही. त्याला हळुवार उचला, गरम ठेवा, रुग्णालयात पोहोचवा.

कोर्समध्ये बर्फाच्या स्तंभाची चाचणी शिकवली तर लक्ष देऊन शिका. ९० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल स्तंभ कापून एका टोकाला मनगटातून दहा, कोपरातून दहा आणि खांद्यातून दहा थापा मारतात. तडा अख्ख्या रुंदीभर धावला तर उतार वाईट. धावला नाही तर उतार चांगला, असा अर्थ मात्र काढायचा नाही, कारण दहा मीटरवर थर वेगळा असू शकतो. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी ‘द्रौपदी का डांडा-२’ शिखराजवळ हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. जाणत्यांच्या सोबतीतही हे घडू शकतं, एवढं घरच्यांना आणि स्वतःला सांगून जा.

पहाडात मोठ्याने ओरडलं तर हिमस्खलन होतं, हे खरं का?
*इयत्ता नववी, ता. आरमोरी, जि. गडचिरोली*

नाही. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठी फारच कमी पडतो. स्फोटकांनी होतं, आणि सुरक्षा पथकं रस्ते मोकळे ठेवायला ते मुद्दाम करतातही. पोरांनो, संकटात जोरात ओरडा, त्यानेच सोबत्याचं लक्ष जातं.

मे महिन्यात वडीलधाऱ्यांना घेऊन केदारनाथला जाणार आहोत. उन्हाळ्यात बर्फाची काळजी कशाला, असं सगळे म्हणतात.
*ता. तिरोडा, जि. गोंदिया*

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर असतो, पण केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे. यात्रा सुरू होते तेव्हा वाटेतल्या कुबेर आणि भैरव या नाल्यांत हिवाळ्याचा बर्फ साठलेला असतो. मे २०२३ मध्ये तिथे बर्फ घसरून वाट बंद पडली होती. या दिवसांतला धोका ओल्या बर्फाचा. रात्री गोठलेला बर्फ सकाळी घट्ट असतो, ऊन चढलं की पाणी आत मुरतं आणि दुपारी तो सुटतो. रात्री आभाळ ढगाळ राहिलं किंवा पाऊस पडला तर तो गोठतच नाही, मग सकाळही सुरक्षित नसते.

बर्फ कापून काढलेल्या वाटेचे नाले सकाळी लवकर ओलांडा. भिंतीजवळ उभं राहून फोटो काढू नका, बर्फावर दम खायला बसू नका. म्हाताऱ्यांना विसावा नाल्याच्या अलीकडे द्या, म्हणजे पलीकडे जाताना थांबावं लागणार नाही. एकामागे एक, मध्ये अंतर ठेवून जा. पोलिसांनी वाट थांबवली तर हुज्जत नको. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर सात पर्यटक गेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतची होती आणि बर्फ आला तो पंधराव्या मैलाजवळ. परतीच्या तिकिटात एक-दोन दिवसांची सोय ठेवा, म्हणजे वाट बंद झाली तरी गाडी सुटेल म्हणून कोणी घाई करणार नाही.